सोय मागणे म्हणजे सवलत मागणे नव्हे

‘सवलत’ हा शब्द आपल्या समाजाने फार सोसला आहे. शाळेच्या हजेरीपटात, महाविद्यालयाच्या फीच्या खिडकीवर, सरकारी कार्यालयातील बढतीच्या यादीत हा शब्द आपल्या आईवडिलांच्या नावाला चिकटला आणि त्यांच्या गुणांवर सावली पाडून गेला. ‘सवलतीतून आलेला’ एवढे म्हटले की त्या माणसाने केलेल्या अभ्यासाची, काढलेल्या उपासांची आणि जागवलेल्या रात्रींची किंमत शून्य ठरत असे. त्या पिढीच्या मुलांपैकी आपण अनेकजण आज अमेरिकेत आहोत. येथील कार्यालयांत आपल्याला कोणी तसे म्हणू नये म्हणून आपण फार जपतो. दुप्पट काम करतो, काही मागत नाही, दुखले तरी बोलत नाही. या जपण्याची किंमत आज आपल्यातील आजारी आणि अपंग माणसे मोजत आहेत, असे आमचे मत आहे.

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत हे वारंवार दिसते. जयंतीचा कार्यक्रम आटोपतो, जेवणे होतात आणि खुर्च्या आवरताना कोणीतरी हळू आवाजात सांगते की मधुमेह डोळ्यांपर्यंत गेला आहे, पडद्यावरची अक्षरे पुसट दिसतात. कोणी संधिवाताने आखडलेली बोटे दाखवते. कोणी नैराश्यावरची औषधे चालू असल्याचे सांगते आणि लगेच विषय बदलते. ‘ऑफिसात कळवले आहे का?’ असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: ‘छे, तिथे कशाला सांगायचे?’ पुढे काम रेंगाळू लागते. व्यवस्थापकाला वाटते, याचे लक्ष उडाले. काही महिन्यांनी ‘परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन’चा कागद हातात पडतो आणि मग कायदा काय म्हणतो याची चौकशी सुरू होते. तोवर बराच उशीर झालेला असतो.

म्हणून आधी शब्दांचा हिशेब चोख करू. येथील कायदा ज्याला ‘रीझनेबल अकॉमोडेशन’ म्हणतो त्याला आम्ही ‘वाजवी सोय’ म्हणू. सवलत ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि घेणाऱ्याला उणा ठरवते. सोय ही त्याच कामाच्या त्याच मापापर्यंत पोचण्याची वाट असते. खरे तर आरक्षणही कधी सवलत नव्हते; तो हक्क होता, सवलत हे नाव त्याला इतरांनी दिले. हाच न्याय ‘अपंग’ या शब्दालाही लावावा. भारत सरकारने अलीकडे रूढ केलेला ‘दिव्यांग’ हा शब्द आम्ही येथे वापरत नाही. देवाचे नाव जोडून दिलेला मान हक्काची जागा घेऊ शकत नाही, हे ‘हरिजन’ हा शब्द नाकारणाऱ्या समाजाला वेगळे सांगायला नको.

कायदा कोठून आला आणि काय देतो

26 जुलै 1990 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’वर, म्हणजे एडीएवर, स्वाक्षरी केली. हा कायदा कोणाच्या दयेतून उगवलेला नाही. 1973 च्या पुनर्वसन कायद्यातील कलम 504 ने सरकारी निधी घेणाऱ्या संस्थांना अपंग व्यक्तींशी भेदभाव करण्यास मनाई केली होती, पण त्याचे नियम चार वर्षे रखडले. एप्रिल 1977 मध्ये शंभराहून अधिक अपंग स्त्रीपुरुषांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील केंद्र सरकारच्या इमारतीत शिरून जवळजवळ चार आठवडे ठाण मांडले. ज्युडिथ ह्यूमन त्यांच्या नेत्यांपैकी एक होत्या. आत बसलेल्यांना गरम जेवण पोचवले ते ब्लॅक पँथर पक्षाच्या कार्यकर्त्यांनी. ज्यांच्यापासून प्रेरणा घेऊन 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेच हे पँथर. पुढे मार्च 1990 मध्ये विधेयक रेंगाळले तेव्हा अपंग कार्यकर्ते चाकांच्या खुर्च्या आणि कुबड्या खाली ठेवून कॅपिटॉलच्या पायऱ्या सरपटत चढले.

या कायद्याचा नोकरीविषयक भाग 15 किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना लागू होतो. जी शारीरिक वा मानसिक स्थिती जीवनातील एखाद्या प्रमुख कृतीवर लक्षणीय मर्यादा आणते, ती अपंगत्व. पाहणे, चालणे, झोपणे, एकाग्र होणे, विचार करणे या साऱ्या अशा कृती आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 1999 आणि 2002 च्या निकालांत ही व्याख्या फार अरुंद केली होती. काँग्रेसने 2008 मध्ये दुरुस्ती करून ती पुन्हा रुंद केली आणि ती दुरुस्ती 1 जानेवारी 2009 पासून अमलात आली. आता औषधाने आजार आटोक्यात आहे म्हणून तो अपंगत्वात मोडत नाही, असे मालकाला म्हणता येत नाही. औषध नसते तर काय स्थिती असती ते पाहावे लागते. त्यामुळे मधुमेह, अपस्मार, कर्करोग, तीव्र नैराश्य अशा डोळ्यांना न दिसणाऱ्या अनेक स्थिती कायद्याच्या छत्राखाली येतात. चाकाची खुर्ची असेल तोच अपंग, ही आपल्या घरांतील समजूत कायद्याने केव्हाच मागे टाकली आहे.

सोय अनेक प्रकारची असू शकते: कामाच्या वेळेत बदल, पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली, उंची बदलता येणारे टेबल, इन्सुलिन घेण्यासाठी विश्रांती, काही काळाची रजा, गौण कामांची अदलाबदल, काही परिस्थितीत घरून काम. मालकांना आणि कर्मचाऱ्यांना विनामूल्य मार्गदर्शन करणारे ‘जॉब अकॉमोडेशन नेटवर्क’ वर्षानुवर्षे मालकांची पाहणी करते. अशा सोयींपैकी सुमारे निम्म्या सोयींना काहीही खर्च येत नाही, असे त्यातून दिसत आले आहे.

मात्र कायदा मालकाला काय करायला लावत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. कामाची मूलभूत कर्तव्ये काढून टाकायला तो सांगत नाही. सर्वांना लागू असलेले उत्पादनाचे वा गुणवत्तेचे माप खाली आणायला सांगत नाही. मालकावर अवाजवी भार पडत असेल, म्हणजे त्याच्या साधनांच्या मानाने फार खर्च वा अडचण होत असेल, तर तो नकार देऊ शकतो. दोन सोयी सारख्याच परिणामकारक असतील तर कोणती द्यायची ते मालक ठरवतो. सेवाज्येष्ठतेची प्रस्थापित व्यवस्था मोडून एखादी जागा द्यावी, असेही सामान्यतः मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये यूएस एअरवेज विरुद्ध बार्नेट या खटल्यात सांगितले. या मर्यादा वाचून काहींचा विरस होईल. आमच्या मते याच मर्यादा आपल्या संकोचाला उत्तर देतात. माप तेच राहते, काम तेच राहते. बदलते ती फक्त काम करण्याची रीत. मग ‘गुणवत्तेत सूट घेतली’ हा आरोप उरतोच कोठे?

वाद कोठे पेटतो

अपंगत्व आहे की नाही, यावरून आता पूर्वीइतके वाद होत नाहीत. वाद पेटतो तो संवाद तुटल्यावर. सोय मागितली गेली की मालक आणि कर्मचाऱ्याने मिळून, सद्भावाने, गरज काय आहे आणि उपाय कोणता याचा शोध घ्यावा, अशी नियमांची अपेक्षा आहे. ती मागणी करण्यासाठी कायद्याचे नाव घ्यावे लागत नाही की ठराविक शब्द उच्चारावे लागत नाहीत. ‘उपचारांमुळे मला सकाळी लवकर येणे कठीण जात आहे’ एवढे साधे वाक्य पुरते. कर्मचाऱ्याच्या वतीने त्याचा नातेवाईक, मित्र किंवा डॉक्टरही ही मागणी करू शकतो. मागणी तोंडीही चालते, पण तोंडी बोलणे हवेत विरते. बाबासाहेबांनी साऊथबरो समितीपासून सायमन कमिशनपर्यंत प्रत्येक दारात लेखी निवेदन ठेवले. त्या परंपरेतील माणसाने व्हरांड्यात उभ्या उभ्या झालेल्या बोलण्यावर विसंबून राहावे, हे आम्हाला पटत नाही.

मागणी आली की मालक वैद्यकीय कागद मागू शकतो, पण गरज आणि मर्यादा कळण्यापुरतेच. साऱ्या आयुष्याची आरोग्यफाईल मागण्याचा अधिकार त्याला नाही. मिळालेली माहिती गोपनीय ठेवणे आणि ती कर्मचाऱ्याच्या सर्वसाधारण फाईलपासून वेगळी ठेवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. सोय मागितली म्हणून सूड उगवणे हा कायद्याचा स्वतंत्र भंग धरला जातो. सोयीची मागणी शेवटी टिकली नाही तरी सुडाची तक्रार टिकू शकते.

दोन निकाल शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. हम्फ्री विरुद्ध मेमोरियल हॉस्पिटल्स असोसिएशन या 2001 च्या प्रकरणात मंत्रचळाच्या आजाराने ग्रासलेली एक कर्मचारी वेळेवर कामावर पोचू शकत नव्हती. ती डॉक्टरांनी सांगितलेल्या नोंदी टंकलिखित करण्याचे काम करी. तिला आधी वेळेची मोकळीक मिळाली, पण तिचा उपयोग होईना. तेव्हा तिने घरून काम मागितले आणि मालकाने तिच्या शिस्तभंगाच्या नोंदींकडे बोट दाखवून ते नाकारले. नवव्या सर्किटच्या न्यायालयाने बजावले की एक सोय देऊन मालकाचे कर्तव्य संपत नाही. ती अपुरी पडली तर संवाद पुन्हा सुरू केला पाहिजे. त्या नोंदी आजारातूनच आल्या होत्या, हेही न्यायालयाने दृष्टीआड केले नाही. याउलट 2015 मध्ये सहाव्या सर्किटच्या पूर्णपीठाने फोर्ड कंपनीच्या बाजूने निकाल दिला. तेथे पोटाच्या विकाराने त्रस्त असलेल्या कर्मचारी स्त्रीने आठवड्यातून चार दिवसांपर्यंत घरून काम मागितले होते. तिच्या कामात सहकाऱ्यांशी समोरासमोर बोलणे आवश्यक असल्याने नियमित हजेरी हेच मूलभूत कर्तव्य ठरते, असे न्यायालयाने मानले.

घरून काम करण्याचा हक्क आहे की नाही, या प्रश्नाला म्हणूनच सरळ ‘हो’ वा ‘नाही’ असे उत्तर नाही. ते त्या कामाच्या तपशिलावर ठरते. कार्यालयात परतण्याचे आदेश निघत असताना हे नीट समजून घ्यावे. ‘दोन वर्षे घरून केलेच होते की’ हा युक्तिवाद उपयोगी आहे, पण एकट्याने पुरेसा नाही. कोणते काम घरून झाले, ते किती नीट झाले आणि आजारामुळे नेमकी कोणती अडचण येते, हे मांडावे लागते.

आमच्याच व्यवसायाला आरसा दाखवणारा एक खटलाही येथे आठवतो. विस्कॉन्सिनमधील वॉलमार्टच्या एका दुकानात डाऊन सिंड्रोम असलेली एक स्त्री सुमारे पंधरा वर्षे नीट काम करत होती. 2014 मध्ये कंपनीने संगणकाने वेळापत्रक आखणारी प्रणाली आणली आणि तिच्या पाळीची वेळ पुढे ढकलली गेली. नव्या वेळेशी जुळवून घेणे तिच्या स्थितीमुळे तिला जमेना. आपली वेळ तास-दीड तास अलीकडे घ्यावी, एवढीच तिची मागणी होती. ती मान्य झाली नाही. गैरहजेरीचे कारण देऊन 2015 मध्ये तिला काढून टाकले. केंद्रीय आयोगाने तिच्या वतीने दावा लावला आणि 2021 मध्ये ज्यूरीने दंडात्मक भरपाई म्हणून साडेबारा कोटी डॉलर्स देण्याचा कौल दिला. कायद्यातील कमाल मर्यादेमुळे भरपाईची रक्कम 3 लाख डॉलर्सवर आली. वेळापत्रकाची ती प्रणाली आमच्यासारख्याच कोणा अभियंत्यांनी लिहिलेली असणार. अपवादासाठी जागा न ठेवणारी संगणकप्रणाली तटस्थ नसते. ती फक्त अन्याय मोठ्या वेगाने करते.

तक्रारीच्या पायऱ्या

संवाद निष्फळ ठरला तर पुढची पायरी ‘इक्वल एम्प्लॉयमेंट ऑपॉर्च्युनिटी कमिशन’, म्हणजे ईईओसी. एडीएखाली खाजगी मालकावर थेट न्यायालयात जाता येत नाही; आधी येथे तक्रार नोंदवावी लागते. मुदत घटनेपासून 180 दिवसांची आहे. असाच कायदा राबवणारी राज्याची वा स्थानिक यंत्रणा जेथे आहे, तेथे ती 300 दिवसांची होते. कंपनीच्या आत तक्रार चालू आहे म्हणून हे घड्याळ थांबत नाही. ‘एचआर बघते आहे’ या आश्वासनावर बसून मुदत उलटून गेली तर खरी बाजूही हरते.

तक्रारीनंतर आयोग अनेकदा मध्यस्थीचा पर्याय देतो. ती विनामूल्य, ऐच्छिक आणि गोपनीय असते. बरीच भांडणे येथेच मिटतात: कोठे सोय मिळते, कोठे बदली होते, कोठे काही रक्कम घेऊन वाटा वेगळ्या होतात. मध्यस्थी फसली तर चौकशी होते. भेदभावास आधार आढळला तर आयोग समेटाचा प्रयत्न करतो. स्वतः दावा मात्र तो मोजक्याच प्रकरणांत लावतो. एरवी कर्मचाऱ्याला दावा लावण्याची मुभा देणारे पत्र मिळते आणि तेव्हापासून 90 दिवसांच्या आत न्यायालयात जावे लागते. मानसिक त्रासाची आणि दंडात्मक अशी दोन्ही मिळून भरपाई कंपनीच्या आकारानुसार 50 हजार ते 3 लाख डॉलर्सपर्यंत मर्यादित आहे; बुडालेले वेतन त्याबाहेर. मालकाने सद्भावाने सोय शोधण्याचा प्रयत्न केल्याचे सिद्ध झाले तर सोय नाकारल्याबद्दलच्या या भरपाईतून तो सुटू शकतो. म्हणजे संवादाची लेखी नोंद दोन्ही पक्षांना तारते किंवा बुडवते.

राज्यांचे कायदे पुष्कळदा अधिक उदार आहेत. कॅलिफोर्नियाचा कायदा पाच कर्मचाऱ्यांपासून लागू होतो, संवाद न करणे हाच स्वतंत्र भंग मानतो आणि तक्रारीसाठी तीन वर्षे देतो. न्यू जर्सीच्या कायद्यात कर्मचारीसंख्येची अटच नाही. न्यूयॉर्क शहरानेही मालकाने संवाद करून त्याचा लेखी निष्कर्ष कळवणे बंधनकारक केले आहे.

नोकरी स्वीकारताना सही केलेल्या कागदांत लवादाची अट असते आणि तीमुळे आपली दारे बंद झाली असे अनेकांना वाटते. त्या अटीने आपण स्वतः न्यायालयात जाणे बहुधा अडते, हे खरे. पण ईईओसीकडे तक्रार करण्याचा हक्क ती अट हिरावू शकत नाही. आयोगाने दावा लावायचे ठरवले तर कर्मचाऱ्याने केलेला लवादाचा करार आयोगाला बांधत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये वॉफल हाऊसच्या प्रकरणात स्पष्ट केले. ते प्रकरणही एडीएचेच होते.

व्हिसाची टांगती तलवार

आपल्या वाचकांपैकी अनेकांची खरी भीती कायद्याबद्दल नसते, व्हिसाबद्दल असते. एच-वन-बीवरील माणसाची नोकरी गेली तर त्याला जास्तीत जास्त 60 दिवसांची मुदत मिळते. त्या अवधीत नवी नोकरी, दुसरा दर्जा किंवा परतीचा प्रवास. मुलांची शाळा, घराचे भाडे, गावाकडे पाठवायचे पैसे हे सारे त्या साठ दिवसांत मावावे लागते. अशा माणसाला ‘निर्भय व्हा’ असा उपदेश करणे सोपे आहे. आम्ही तो करणार नाही. पण काही गोष्टी ठाऊक असाव्यात. एडीएचे संरक्षण येथे काम करणाऱ्यास नागरिकत्व न पाहता मिळते. सल्लागार कंपनीमार्फत एखाद्या ग्राहक कंपनीत काम करत असाल तर परिस्थितीनुसार दोघांवरही कायद्याची जबाबदारी येऊ शकते. ‘तुझे मालक आम्ही नाही’ एवढे म्हणून ग्राहक कंपनी सुटत नाही. घरून काम ही सोय म्हणून मिळाली आणि ते घर दुसऱ्या महानगर क्षेत्रात असेल, तर एच-वन-बीचा सुधारित अर्ज लागू शकतो. कामाचे तास कमी करून घ्यायचे असतील तरी आधी स्थलांतर कायद्याच्या वकिलाला विचारावे. 50 किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीत वर्षभर आणि किमान 1,250 तास काम केलेल्यास गंभीर आजारासाठी वर्षात 12 आठवड्यांची बिनपगारी, पण नोकरी शाबूत ठेवणारी रजा वेगळ्या कायद्याने मिळते.

आणि मुख्य मुद्दा असा की गप्प बसल्याने साठ दिवसांची तलवार दूर होत नाही. आजार लपवून काम घसरले तर ती अधिक लवकर कोसळते. मागणी करण्यापूर्वी घसरलेल्या कामाबद्दलचा शेरा मागे घेण्याचे बंधन कायदा मालकावर घालत नाही. सोय ही पुढच्या काळासाठी असते. म्हणून ‘प्लॅन’चा कागद येण्याआधी मागणे आणि तो आल्यावर मागणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. उशिरा मागणेही न मागण्यापेक्षा बरेच. पण तोवर आपल्या बाजूचे अर्धे बळ गेलेले असते.

आपल्या परिवारातील एका ताईंचा अनुभव त्यांच्या संमतीने सांगतो. संधिवातामुळे सकाळी त्यांचे हात तास-दोन तास उघडत नाहीत. जुन्या व्यवस्थापकाने तोंडी मुभा दिली होती. नवे आले आणि त्यांनी उशिराच्या नोंदी सुरू केल्या. ताईंनी त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या पत्रासह एचआरला ईमेल केला. तीन आठवडे पत्रे आली-गेली. त्यांनी आठवड्यातून तीन दिवस घरून काम मागितले होते; मिळाला एक दिवस, सकाळची उशिराची वेळ आणि बोलून टंकलेखन करण्याची प्रणाली. वकील लागला नाही, कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही. काम मात्र सुरळीत चालू आहे. बहुतेक खऱ्या तोडग्यांचा चेहरा असाच निरस असतो. तो निरस राहावा यासाठीच हा कायदा आहे.

आपल्या घरात, आपल्या मंडळात

‘सर्वांना सारखेच वागवले की झाली समता’ हा युक्तिवाद आपण गावाकडे पुरेसा ऐकला आहे. विहीर सर्वांना खुली आहे म्हणायचे आणि पायऱ्यांवर पहारा ठेवायचा, ही समता कशी असते ते आपल्याला ठाऊक आहे. मग जिना एकच आहे आणि तो सर्वांसाठी आहे, असे म्हणणाऱ्या कार्यालयाला आपण निमूट मान का डोलावतो?

मदतीने केलेले काम कमी दर्जाचे ठरते, असे ज्यांना वाटते त्यांनी बाबासाहेबांची शेवटची वर्षे आठवावीत. मधुमेहाने शरीर पोखरले होते, पाय साथ देत नव्हते, दृष्टी मंदावली होती. त्या अवस्थेत ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ पूर्ण झाला. नानकचंद रत्तू टंकलेखन करत होते, डॉ. सविता आंबेडकर प्रकृती सांभाळत होत्या. 1957 मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, तो प्रकाशित झाला. टंकलेखनाला दुसरे हात होते म्हणून त्या ग्रंथाची गुणवत्ता कमी झाली, असे कोणी म्हणेल काय?

भारतातही हा विचार कायद्यात आला आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा वाजवी सोय नाकारणे हा भेदभाव मानतो. 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाताच्या विकारामुळे लिहू न शकणाऱ्या उमेदवाराचा लेखनिक घेण्याचा हक्क मान्य केला. गावाकडील भावंडांना आणि पुतण्या-भाच्यांना हे कळवणे आपल्या हातात आहे.

आपल्यातील अनेकजण आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतात. हाताखालचा माणूस सोय मागायला आला तर ‘हे सगळ्यांनाच द्यावे लागेल’ हे वाक्य आपल्या तोंडी येते का, हे प्रत्येकाने पाहावे. व्यवस्थापकाची अडचणही खरी असते: चमूतील इतरांवर भार पडतो, मुदती जवळ असतात, लहान कंपनीचे खिसे लहान असतात. कायदा त्या अडचणींना जागा देतो. त्या न तपासताच नकार देण्याला देत नाही.

मंडळापुढे आमचे दोन प्रस्ताव आहेत. पहिला: कायद्याची ओळख असलेल्या दोन-तीन सभासदांनी मागणीचे पहिले पत्र लिहायला मदत करावी, मुदतींची तारीख मांडून द्यावी आणि गरज पडल्यास रोजगार कायद्याच्या वकिलाकडे पाठवावे. मित्राने मागितलेली सोयही ग्राह्य धरली जाते, हे वर सांगितलेच आहे. अर्थात ऐकलेले गुप्त ठेवण्याचे बंधन त्यांनी आधी स्वीकारावे. आपल्यातील कुजबूज हीदेखील अनेकांच्या मौनाचे कारण आहे. दुसरा: आपले कार्यक्रम यापुढे जिन्याशिवाय पोचता येईल अशाच सभागृहात घ्यावेत, भाडे थोडे अधिक पडले तरी. जे आपण मालकाकडे हक्काने मागणार, ते आपल्याच आजी-आजोबांना आणि लेकरांना आपण आधी दिले पाहिजे.

हा लेख म्हणजे कायदेशीर सल्ला नव्हे. प्रत्येक प्रकरणाचा तपशील वेगळा असतो आणि तो वकिलापुढेच मांडावा. पण ज्यांच्या खिशात डॉक्टरांची चिठ्ठी महिनोन्‌महिने घडी होऊन पडली आहे, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की या आठवड्यात तो ईमेल लिहा. चार ओळी पुरतात: अडचण काय, ती कशामुळे, काय केले असता काम नीट होईल आणि उत्तर केव्हापर्यंत अपेक्षित आहे. खाली तारीख टाका आणि एक प्रत घरच्या पत्त्यावर पाठवून ठेवा.

जय भीम.